चुना, सोडा आणि एफजीडीचं पाणी: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

१५ जानेवारी, बुधवार

तिळगुळाचा डबा अजून टेबलावर आहे. आजपासून ही वही सुरू.

काम असं: आमच्या ५०० मेगावॉटच्या युनिटला चुनखडीवर चालणारं ओलं एफजीडी, म्हणजे धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र, बसलं आहे. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या घोळात धुऊन निघतो आणि त्याचं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होतं. हे व्हायलाच हवं होतं. पण धूर धुतल्यावर त्यातलं जे विरघळतं ते सगळं घोळाच्या पाण्यात साठत जातं. क्लोराइड फार वाढलं की ॲब्सॉर्बरचं, म्हणजे जिथे धूर धुतला जातो त्या मनोऱ्याचं, लोखंड खातं, म्हणून तासाला साधारण ८ घनमीटर पाणी बाहेर काढावं लागतं. या पाण्याला आम्ही ‘पर्ज’ म्हणतो. सध्या तो राखेच्या स्लरीत मिसळून राख बंधाऱ्याकडे जातो.

७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांना दर मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. आमच्या युनिटला पूर्ण भारावर ते तासाला १,७५० घनमीटर होतं. त्यापुढे ८ घनमीटर म्हणजे चिमूटभर, पण सबंध केंद्रातलं सगळ्यात वाईट पाणी हेच. बंधाऱ्यात गेलं म्हणजे ते संपलं असं होत नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा राख कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत गेली होती. राख निदान दिसते. तिच्याबरोबर गेलेलं क्लोराइड दिसत नाही, आणि ते कुठल्याही मातीत अडत नाही.

मी बीड जिल्ह्यातली. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं, तेव्हा मी कॉलेजात होते. टँकरमागे घागरी घेऊन पळणं मी पाहिलंय आणि पळालेही आहे. हे काम मी मागून घेतलं आहे.

उद्दिष्ट: पर्ज इतका मृदू करायचा की पुढे त्याला मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक गाळणपडद्यातून, दाटवता येईल आणि शेवटी आटवून मीठ काढता येईल. जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं, पाणी तसंच आटवलं तर नळ्यांवर जिप्समची पपडी धरते, आणि उरलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं क्लोराइड कोरडं होतच नाही. हवेतली ओल शोषून परत चिकट होतं. साधं मीठ मात्र स्फटिक होऊन मोकळं पडतं. म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम आणायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिला पूर्ण तपास. घोळ गरगर फिरवून घन कण वेगळे करणाऱ्या हायड्रोसायक्लोनच्या वरच्या धारेतून नमुना घेतला, गाळून. पाणी बाहेर येताना पन्नास अंशांच्या आसपास असतं, बाटली हातात धरवत नव्हती.

पीएच ५.८. क्लोराइड ६,४००. सल्फेट ७,९००. मॅग्नेशियम ३,२००. कॅल्शियम ७२०. सोडियम ९५०. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद दीड टक्क्याच्या आत जुळला, म्हणजे तपासावर भरवसा ठेवता येईल.

कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात एकूण जडपणा १५,००० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, पण गावाकडे कुणी विचारलं तर एवढं सांगितलं की कळतं.

माझी नजर मॅग्नेशियमवर अडकली. जडपणाचे आठ भाग धरले तर सात भाग तेच आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम. मग कॅल्शियम एवढं थोडं आणि मॅग्नेशियम एवढं का? कॅल्शियम थोडं असण्याचं कारण सरळ आहे. सल्फेट भरपूर असल्यामुळे ते जिप्सम होऊन बसत राहतं. मॅग्नेशियमचं सल्फेट मात्र विरघळतं, त्याला बसायला जागाच नाही. ते येतं कुठून, हे शोधायचं आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

दिवसभर टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून जडपणा मोजणं. शिकाऊ केमिस्टला शेवटचा बिंदू पकडता येत नव्हता. एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंगद्रव्य टाकल्यावर पाणी द्राक्षारसासारखं लाल होतं, वरून कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं ईडीटीए थेंबथेंब सोडत जायचं. साध्या पाण्यात एका थेंबाला ते स्वच्छ निळं होतं. पर्जच्या नमुन्यात तसं होत नाही. लाल, मग जांभळट, मग राखाडी जांभळट, आणि तिथेच रेंगाळतं. लोह आणि इतर धातू रंगद्रव्याला धरून बसतात म्हणून.

नमुना शंभर पट पातळ केला, ट्रायइथॅनॉलअमाइन टाकून लोह झाकलं आणि फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवला. मग आला निळा. तिने तीन वेळा केलं, तिन्ही वेळा आकडा ०.१ मिलिलिटरच्या आत. चेहरा उजळला होता तिचा.

२७ जानेवारी, सोमवार

चुन्याची पहिली जार टेस्ट. सहा बीकर, एकेक लिटर, चुना ६ ग्रॅमपासून १३ ग्रॅमपर्यंत चढता.

पीएच ९.५ च्या पुढे पाणी दुधाळ होतं, मग ढगांसारखे पुंजके धरतात. ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. ११ च्या थोडं वर गेलं की मॅग्नेशियम जवळपास संपतं. कागदावरचा हिशेब: १ किलो मॅग्नेशियमला शुद्ध हायड्रेटेड चुना ३.०५ किलो. म्हणजे लिटरला ९.८ ग्रॅम.

शिकाऊ पोरीने कॅल्शियमचा आकडा आणून दिला आणि गप्प उभी राहिली. आधी ७२० होतं, चुना टाकल्यावर २,९५०. चौपट. तिला वाटलं काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. मॅग्नेशियम बाहेर काढायला आपण तेवढंच कॅल्शियम आत घालतो. त्यातलं अर्धं सल्फेटला धरून जिप्सम होऊन बसतं आणि बाकीचं पाण्यात राहतं. तरी एकूण जडपणा १५,००० वरून ७,४०० वर आला आणि सल्फेट ७,९०० वरून ६५० वर. पहिल्या टप्प्यात एवढंच होतं. उरलेलं कॅल्शियम काढणं हे सोडा ॲशचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं, काम.

सोड्याचा हिशेब: १ किलो कॅल्शियमला २.६५ किलो. लिटरला ७.८ ग्रॅम, दिवसाला दीड टन. साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे परवडायचं नाही.” बरोबर आहे त्यांचं.

२९ जानेवारी, बुधवार

हिशेबाने ९.८ ग्रॅम चुना पुरायला हवा, प्रत्यक्षात १४ लागतोय. पाणी तेच, पीएच मीटर कालच जुळवलेला. मग चुनाच तपासला, साखरेच्या पद्धतीने. चुना साध्या पाण्यात फार थोडा विरघळतो, साखरेच्या पाण्यात भरपूर विरघळतो. हवेने कार्बोनेट झालेला भाग मात्र साखरेलाही दाद देत नाही. त्यामुळे साखरेच्या पाण्यात घोळून, फिनॉल्फ्थॅलीन टाकून आम्लाने मोजलं की कामाचा चुना किती तेवढंच कळतं. चहाच्या कपाटातून दोन मुठी साखर आणली, पाळीवर असणाऱ्या काकांनी आधी नाराजीने पाहिलं, मग जवळ येऊन उभे राहिले.

जुन्या पोत्यातला चुना सत्तर टक्के. शिवण उसवलेली होती, दोन पावसाळे गोदामात काढलेली पोती. नवं पोतं फोडलं, ते पंच्याऐंशी. आता प्रत्येक लॉट आला की साखरेची चाचणी, मगच डोस ठरवायचा. नव्या चुन्याने लिटरला ११.५ ग्रॅम.

५ फेब्रुवारी, बुधवार

महत्त्वाची नोंद. शुक्रवारी चुना टाकून, गाळून, काचेसारखं स्वच्छ झालेलं पाणी एका बाटलीत घालून खिडकीत ठेवलं होतं. विसरलेच होते. आज उन्हात बाटली चमकत होती. तळाशी आणि भिंतींना सुया धरल्या आहेत, काही नखाएवढ्या लांब, एकमेकींवर आडव्यातिडव्या. बाटली हलवली तर सुटत नाहीत.

जिप्सम. म्हणजे गाळताना पाणी स्वच्छ होतं, पण त्यात मावतं त्याहून जास्त जिप्सम विरघळलेलं होतं आणि बसायला वेळ व जागा शोधत होतं. बाटलीत जे झालं ते उद्या पाइपात, पंपात आणि मेम्ब्रेनवर होणार. कार्बोनेटची पपडी आम्लाने निघते, जिप्समची निघत नाही. ती खरवडावी लागते, नाहीतर मेम्ब्रेन फेकावं लागतं.

उपाय ठरला: बसलेल्या गाळातला काही भाग पुन्हा पहिल्या टाकीत फिरवायचा. जुने स्फटिक तयार असले की नवं जिप्सम त्यांच्यावरच बसतं, भिंतीवर नाही. दही लावायला विरजण लागतं तसं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पायलट, म्हणजे छोटा चाचणी प्लांट, उभा राहिला. तासाला ५०० लिटर. क्रम: चुन्याची टाकी, तिच्यात गाळाचा परतावा, मग गाळ बसवायची शंकूच्या तळाची टाकी, मग सोड्याची टाकी, दुसरी बसवायची टाकी, वाळूचा फिल्टर, शेवटी थोडं आम्ल टाकून पीएच खाली. पंप भंगारातून दुरुस्त केलेले, टाक्या प्लॅस्टिकच्या. शंकूचा कोन वेल्डरने डोळ्यांनी धरला आणि ६० अंश बरोबर निघाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्रपाळीत गडबड. सकाळी सहाला काकांचा फोन, “मॅडम, गाळ खाली बसूनच नाही राहिला. पांढरंच्या पांढरं पाणी वरून जाऊन राहिलं.”

पोहोचले. पडद्यावर पीएच १०.४. हातातल्या मीटरने मोजला तर ११.९. टाकीतला पीएच मोजणारा प्रोब बाहेर काढला. काचेच्या गोळीवर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर, नखाने टोकरला तर खरखर. आंधळा झालेला प्रोब १०.४ सांगत होता, डोसिंग पंप बिचारा रात्रभर ११ गाठायला चुना ओतत होता. चुना जास्त, म्हणजे कॅल्शियम आणखी जास्त, आणि न विरघळलेला चुना वर तरंगत दुसऱ्या टाकीत.

सहा तासांचं पाणी वाया. मी हातातल्या मीटरने दर पाळीला ताडून पाहण्याची नोंद चेकलिस्टमध्ये घातली नव्हती, ही माझी चूक. आज घातली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात प्रोब बुडवला तर अर्धा थर फसफसून गेला, अर्धा तसाच. तो जिप्समचा. ईडीटीएच्या कोमट द्रावणात तासभर ठेवल्यावर निघाला. आता दोन प्रोब: एक पाण्यात, एक धुऊन तयार, दर आठ तासांनी अदलाबदल.

गाळाचा परतावाही वाढवला.

४ मार्च, मंगळवार

फिल्टर प्रेसचा, म्हणजे गाळ दाबून पाणी काढायच्या यंत्राचा, दिवस. मॅग्नेशियमचा गाळ साबुदाण्याच्या खिरीसारखा आहे, पाणी सोडत नाही. पहिल्या वेळी प्रेस उघडला तर प्लेटांमधून वडी पडण्याऐवजी लगदा ओघळला आणि कापडाला चिकटला. चार माणसं दीड तास कापड धूत होती.

परतावा वाढवल्यानंतर दोन आठवड्यांत मात्र फरक दिसतोय. जिप्समचे स्फटिक मोठे झाले आहेत, त्यांच्यामधून पाणी वाट काढतं. आज वडी पडली. काठाला ओली, मध्ये घट्ट, हाताने तुटणारी. काकांनी तुकडा मोडून नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “आता जमलं.”

पहिल्या टप्प्यातला कोरडा गाळ लिटरला २०.६ ग्रॅम: ७.७ मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, १२.९ जिप्सम. पूर्ण पर्ज धरला तर दिवसाला ४ टन कोरडा, ओला त्याच्या दुपटीहून जास्त. यात पारा, कॅडमियम, निकेल असे जड धातूही बसतात, म्हणून हा राखेत मिसळता येणार नाही. बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायचा तर दर टनाला पैसे. चुन्याचा, सोड्याचा आणि गाळाचा, तीन खर्च. पाणी मृदू होतंय, पण या आकड्यांवर कुणी मोठा प्लांट मंजूर करणार नाही.

११ मार्च, मंगळवार

शिकाऊ पोरीची कल्पना: सोडा विकत आणायचा कशाला, कार्बोनेट हवंय तर चिमणीतून कार्बन डायऑक्साइड फुकट जातोय. धुरात तो बारा-चौदा टक्के असतो. कल्पना चांगली होती, म्हणून लगेच करून पाहिली. जनरेटरमधला हायड्रोजन काढायला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असतातच, त्यातला एक घेतला.

पहिल्या बीकरमध्ये गाळ वेगळा न करता वायू सोडला. पीएच ११.१ वरून ७.६ वर आला आणि जडपणा वाढला. बसलेलं मॅग्नेशियम परत विरघळलं! आधी गाळ वेगळा करायलाच हवा होता, हे तिला तिच्या डोळ्यांनी कळलं.

दुसऱ्या बीकरमध्ये गाळून घेतलेलं पाणी. पाणी क्षणभर दुधाळ झालं, कॅल्शियम पन्नासेक मिलिग्रॅमने उतरलं आणि थांबलं. वायू सोडत राहिलो तरी काही नाही.

दुपारी फळ्यावर दोघी बसलो. नुसता कार्बन डायऑक्साइड म्हणजे आम्ल. त्याला कार्बोनेट व्हायला अल्कली लागते. चुना टाकून जेवढा हायड्रॉक्साइड जादा उरला होता तेवढंच कॅल्शियम बसलं. बाकीचं कॅल्शियम हायड्रॉक्साइडबरोबर नाही, क्लोराइडबरोबर आहे. ते सोडवायचं तर क्लोराइडला दुसरा जोडीदार द्यावा लागेल, आणि तो सोडियमच. फळ्यावर तिने ‘जोडीदार’ हा शब्द लिहून खाली रेघ ओढली. पुसू नका, म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पायलट बंद, फक्त गाळ ढवळत ठेवला आहे, नाहीतर शंकूत दगड होईल.

१९ मार्च, बुधवार

चुनखडीच्या यार्डात गेले. मॅग्नेशियमचा प्रश्न दोन महिने डोक्यात होता. आमची चुनखडी जवळच्याच पट्ट्यातून येते. वणीपासून राजुरा-कोरपन्यापर्यंत जमिनीखाली चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. त्याच भागात डोलोमाइटही आहे, म्हणजे मॅग्नेशियम असलेला सख्खा भाऊ. खाणीत एका थरातून दुसऱ्या थरात गेलं की दगड बदलतो. ट्रकमध्ये मात्र तो सारखाच करडा दिसतो.

ढिगाऱ्यातून दहा ठिकाणचे तुकडे उचलले. थंड सौम्य आम्लाचा थेंब टाकला: काही तुकडे लगेच खळखळले, काही नुसते ओले झाले. ओल्या तुकड्यांची पूड करून पुन्हा थेंब टाकला तेव्हा सावकाश बुडबुडे आले. डोलोमाइटची खूण.

प्रयोगशाळेत सरासरी नमुन्यात मॅग्नेशियम ऑक्साइड १.४ टक्के. खरेदीच्या अटींत कॅल्शियम आणि सिलिकाला मर्यादा आहे. मॅग्नेशियमचा रकाना अहवालात आहे, मर्यादा नाही. वर्षानुवर्षं आकडा छापून येतो आणि त्याकडे बघायचं कारण कुणालाच नव्हतं. पाणी बघणारे आम्ही एका इमारतीत, दगड घेणारे दुसऱ्या.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांसमोर मांडलेला हिशेब इथे उतरवते.

पूर्ण भारावर तासाला ३२५ टन कोळसा, गंधक अर्धा टक्का. तो सल्फर डायऑक्साइड धरायला तासाला ५.४ टन चुनखडी. १.४ टक्क्यांनी ७६ किलो मॅग्नेशियम ऑक्साइड, म्हणजे ४६ किलो मॅग्नेशियम. पर्जमधून बाहेर येतं ८ घनमीटर गुणिले ३.२, म्हणजे २५.६ किलो. उरलेलं न विरघळता डोलोमाइटच्याच रूपात जिप्समबरोबर जातं. हिशेब बसतो. पर्जचा जडपणा आपण पाण्यातून नव्हे, ट्रकने आणतो आहोत. आधी दगडाचे पैसे देऊन, मग तोच काढायला चुन्याचे, मग गाळ फेकायचे.

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “०.६ चा दगड मिळतो का?” मिळतो, त्याच पट्ट्यात, थोडा लांबून. त्यांनी एका महिन्याच्या चाचणीला होकार दिला. गुढीपाडवा होऊन तीन दिवस झाले, मला आज पाडवा वाटला.

१६ एप्रिल, बुधवार

०.६ टक्क्याची चुनखडी आज सकाळपासून गिरणीत. उद्या काही दिसणार नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. ॲब्सॉर्बरमध्ये २,५०० घनमीटर घोळ, विरघळलेलं मॅग्नेशियम बाहेर जायची मुख्य वाट तासाला ८ घनमीटरची. म्हणजे एक फेर जवळजवळ तेरा दिवसांचा. हिशेबाने शेवटी आकडा १,३७० च्या आसपास स्थिरावावा.

२२ एप्रिल, मंगळवार

मॅग्नेशियम २,५२०. ऊन प्रचंड. चुन्याच्या टाकीवर हिरवं कापड बांधलं.

२९ एप्रिल, मंगळवार

मॅग्नेशियम २,०४०. चुना लिटरला ७.४ ग्रॅम. प्रेसचा एक फेरा दिवसातून वगळला.

६ मे, मंगळवार

मॅग्नेशियम १,७६०. चुना आणखी उतरला. पण आज एका आकड्याने झोप उडवली: चुन्यानंतरचं कॅल्शियम २,९८०. जानेवारीत २,९५० होतं. मॅग्नेशियम जवळपास निम्मं झालं, चुना त्याच प्रमाणात कमी टाकला, तरी कॅल्शियम जागचं हललं नाही. सोडा तेवढाच लागतोय, ७.८ ग्रॅम. कच्च्या पर्जमध्ये कॅल्शियम उलट वाढून १,०६० झालंय आणि सल्फेट खूप उतरलंय.

साहेबांना मी सोडाही कमी होईल असं सांगितलं होतं.

७ मे, बुधवार

उत्तर फळ्यावरच होतं, मार्चपासून, तिने रेघ ओढलेल्या शब्दाखाली.

चुन्याच्या टप्प्यानंतर पाण्यात उरतं काय? धन बाजूला कॅल्शियम आणि सोडियम. ऋण बाजूला क्लोराइड आणि किंचित सल्फेट. दोन्ही बाजू सारख्या असायलाच हव्यात. क्लोराइड ६,४००, ते बदललेलं नाही. सोडियम ९५०, तेही नाही. मग उरलेल्या क्लोराइडला जोडीदार म्हणून कॅल्शियम तेवढंच राहणार, मॅग्नेशियम कितीही येवो. मॅग्नेशियम जास्त होतं तेव्हा त्याच्याबरोबर सल्फेटही जास्त होतं, आणि जादा कॅल्शियम त्या सल्फेटबरोबर जिप्सम होऊन खाली जात होतं.

म्हणजे चुना आणि गाळ ठरतो चुनखडीतल्या मॅग्नेशियमवर, आणि सोडा ठरतो क्लोराइडवर. दोन वेगळ्या दारांनी आलेल्या दोन गोष्टी, आणि मी चार महिने दोन्हीला मिळून ‘जडपणा’ म्हणत होते.

हे क्लोराइड कुठून? कमी झालेलं पाणी भरून काढायला आपण जे पाणी घालतो, त्यातून येणारं बरंचसं मिठाच्या रूपात येतं, स्वतःचं सोडियम घेऊन, त्याला सोडा लागत नाही. कोळशातलं क्लोरिन मात्र धुरात हायड्रोजन क्लोराइड होऊन येतं, एकटं. ते चुनखडीला धरतं. हिशेबाने तासाला ३९ किलो, म्हणजे कोळशात ०.०१२ टक्के. आपल्या कोळशात क्लोरिन मुळात कमी असतं, आणि हे त्यात बसतं. दगड बदलता आला, हे बदलता येणार नाही. पर्ज कमी केला तर क्लोराइड दाटेल, किलो तेवढेच राहतील, सोडाही तेवढाच.

दुपारी साहेबांना सांगितलं की माझा अंदाज चुकला होता आणि का चुकला. ते म्हणाले, “कारण कळलं ना? मग लिहून काढ.” लिहिलं.

सोड्याऐवजी सोडियम सल्फेट हा पर्याय उद्यापासून जारमध्ये. बरंचसं कॅल्शियम जिप्सम म्हणून काढायचं, अखेरच्या उरलेल्यालाच सोडा. सोडियम तर लागणारच, ते ज्या रूपात स्वस्त मिळेल त्या रूपात घ्यायचं. गाळ वाढेल, तो मोजायचा.

१२ मे, सोमवार

मॅग्नेशियम १,६२०. चुना ५.८ ग्रॅम, जानेवारीच्या निम्मा. पहिल्या टप्प्याचा कोरडा गाळ लिटरला ७.१ ग्रॅम, पूर्वीच्या एक तृतीयांश. दिवसाला ४ टनांऐवजी १.४ टन.

दुसऱ्या टप्प्याचा गाळ म्हणजे जवळपास शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. पांढरा, पिठासारखा बारीक. धातू पहिल्या टप्प्यातच बसून गेलेले असतात. मग हा फेकायचा का? चुनखडी म्हणून परत ॲब्सॉर्बरमध्येच घालता येतो. प्रयोगशाळेत आम्लाला चुनखडीच्या पुडीपेक्षा कितीतरी लवकर प्रतिसाद दिला. दिवसाला १.४ टन, चुनखडीच्या १३० टनांपुढे एक टक्का. दगडाची बचत नगण्य आहे, पण तेवढा गाळ कुठेही न्यावा लागणार नाही, आणि माझ्या लेखी तोच फायदा मोठा.

सोडियम सल्फेटचे पहिले जार बरे. कॅल्शियम ७०० च्या खाली उतरतं, पुढचं सोड्याकडे. जिप्समला विरजण इथेही लागतं, नाहीतर तासन् तास वाट बघावी लागते.

१९ मे, सोमवार

बाहेर ४५ अंश. दुपारी बारा ते चार टाक्यांवर कुणी चढायचं नाही, असं ठरवलं आहे.

आज धातूंचा आढावा. हायड्रॉक्साइडबरोबर बरेच धातू बसतात. पाऱ्यासाठी सेंद्रिय सल्फाइड लागतं, फेरिक क्लोराइडबरोबर. अडचण सेलेनियमची आहे. सेलेनाइट लोहावर चिकटतं, सेलेनेट चुना-लोह कशालाच जुमानत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. आटवून मीठ काढलं की ते मिठातच येईल. त्यामुळे ते मीठ कुणालाही वापरायला द्यायचं नाही, हे आजच अहवालात ठळक लिहिलं.

दुसरी गोष्ट गाळाची. धातू पीएच ९ लाच बऱ्यापैकी बसतात, तिथे मॅग्नेशियम अजून पाण्यात असतं. तेव्हा आधी ९ ला थांबून धातूंचा छोटा गाळ वेगळा काढला, आणि मग ११ ला मॅग्नेशियम-जिप्समचा मोठा गाळ, तर घातक म्हणून बुटीबोरीला जाणारा ढीग पुष्कळ लहान होईल. मोठ्या गाळाचा तपास करूनच त्याचं काय करायचं ते ठरेल. त्यासाठी आणखी एक टाकी हवी.

मॅग्नेशियमला खरेदीत मर्यादा घालायचा प्रस्ताव साहेबांच्या सहीने आज वर गेला.

आजचं मॅग्नेशियम १,५२०. उद्या पीएच ९ ची टाकी जोडायला घेतोय. काकांनी फरशीवर खडूने तिचा गोल आखून ठेवला आहे, आणि बाजूला गाळाच्या पाइपाची रेघ, जास्त उतार देऊन.